गाडीचा दवाखाना : प्लग बदलायचा, पण कुठला?

मागच्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती, की थंडीत सकाळी गाडी खोकायला लागली तर बॅटरीला शिव्या देण्याआधी एकदा स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी टाकून पेट्रोल पेटवतो तो, काढून बघा. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेसेज आले की क्लचवर लिहायचं ठरवलं होतं ते पुढच्या वेळेवर ढकललं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, काही प्रश्न सारखेच होते ते एकात मिसळलेत. अर्धे प्रश्न हिंदीत होते हेही सांगून टाकतो. इंदूर आहे, चालायचंच.

प्रश्न : नमस्कार काका. माझी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ५२ हजार किलोमीटर झालेत. सर्व्हिसिंगला दिली तर तिथला मुलगा म्हणाला मॅडम चारही प्लग बदलावे लागतील, आणि बदलताच आहात तर इरिडियम टाका, पिकअप वाढेल, अॅव्हरेज पण वाढेल. गाडी मला तर काहीच त्रास देत नाहीये. खरंच बदलू, की बाई बघून गुंडाळतोय? (सुदामा नगरहून एक वाचिका)

ताई, गुंडाळत नाहीये, पण अर्धंच खरं सांगतोय. प्लग साधे असतील तर बदला हे बरोबर. पिकअप वाढेल हे नाही.

गाडी त्रास देत नाही म्हणजे प्लग चांगले आहेत असं नसतं, कारण प्लग एका रात्रीत जात नाही, तो झिजत जातो आणि आपल्याला त्याच्या झिजण्याची सवय होत जाते. जरा हिशोब करा. शहरात सरासरी ३० चा स्पीड धरला तर ५२ हजार किलोमीटरला सतराशे तासांच्या वर गाडी चालली. इंजिनचे फेरे मिनिटाला १५०० धरा, दर दोन फेऱ्यांना प्लग एकदा ठिणगी टाकतो, म्हणजे मिनिटाला ७५०. एकेका प्लगनं आत्तापर्यंत साडेसात कोटींच्या वर ठिणग्या टाकल्यात! प्रत्येक ठिणगी टोकाचा अगदी कणभर धातू खाते, टोकाच्या कडा गोल होतात, मधली फट म्हणजे गॅप वाढतो, आणि वाढलेल्या गॅपवरून ठिणगी उडवायला कॉइलला, म्हणजे प्लगला वीज पुरवते तिला, जास्त जोर लावावा लागतो. म्हणून शे-दोनशेचा प्लग बदलायचा कंटाळा केला की कधीकधी हजारोंची कॉइल बसते.

साधा निकेलचा प्लग ३०-४० हजार किलोमीटरला बदलावा, नक्की आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे. इरिडियम एक लाखापर्यंत जातो कारण तो धातूच चिवट, २४०० डिग्रीच्या वर वितळणारा, निकेल १४५५ ला वितळतं. त्यामुळे त्याचं टोक पार बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवता येतं आणि ठिणगीला कमी जोर लागतो. मिळतं ते आयुष्य. जुने झिजलेले काढून नवे टाकले की गाडी हलकी वाटते, ती साध्या नव्या प्लगनं पण तेवढीच हलकी वाटली असती.

आता तुमचं. कंपनीतून साधे प्लग आलेले असतील तर साधेच टाका, पैसे वाचवा, त्यात पोहे-जलेबीचे दोन महिने निघतील. कंपनीतूनच इरिडियम किंवा प्लॅटिनम असतील तर मात्र स्वस्तात साधे टाकू नका, आणि मग ५२ हजारला बदलायची घाई पण नाही. कुठले आहेत हे पुस्तकातल्या नंबरवरून कळेल. आणि त्या मुलाला सांगा जुने प्लग मला परत दे. खरंच बदलले की नाही ते पण कळतं आणि इंजिनची तब्येत पण कळते.

प्रश्न : दादा, माझ्या गाडीच्या प्लगवर ६ लिहिलेलं होतं, जुन्या शहरातल्या एका दुकानातून ५ नंबरचा मिळाला. दुकानदार म्हणे "भिया सब एक ही है, लगा लो." लावू का? (परदेशीपुरा)

सब एक ही नहीं है भिया. घेतलेला परत करा.

तो आकडा हीट रेंजचा. लोकांना वाटतं गरम प्लग म्हणजे जास्त तापट ठिणगी, तसं काही नाही, ठिणगीचा त्याच्याशी संबंधच नाही. प्लगचं नाक म्हणजे ते पांढरं चिनी मातीचं टोक आपल्यावरची उष्णता हेडमध्ये, म्हणजे प्लग बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागात, किती लवकर सोडतं त्याचा तो आकडा. नाक लांब असलं की उष्णता सावकाश जाते, तो गरम प्लग. आखूड असलं की पटकन जाते, तो ठंडा. नाकाला साधारण ४५०-५०० डिग्रीच्या वर राहायला लागतं, तरच त्याच्यावरची काजळी आपोआप जळून जाते. आणि ८०० च्या पलीकडे गेलं तर तेच नाक निखाऱ्यासारखं लाल होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतं, मग पिस्टनचं काय होतं ते विचारू नका. कंपनीनं वर्षानुवर्षं टेस्ट करून ६ ठरवलेला असतो, आपण कोण ५ करणारे.

आणि खरी गंमत अशी की एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग ठंडा होतो, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. एनजीकेचा ६ आणि डेन्सोचा २० साधारण एका जातीचे. म्हणून एका कंपनीचा आकडा बघून दुसऱ्या कंपनीचा तोच आकडा कधीच मागू नका, दुकानदाराला पूर्ण नंबर दाखवा आणि त्या कंपनीच्या चार्टमधून जोडी काढून घ्या.

पूर्ण नंबर का, ते एका उदाहरणानं सांगतो. बीपीआर६ईएस हा एनजीकेचा जुना, घरोघरी असलेला प्लग. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, पी म्हणजे नाक थोडं बाहेर आलेलं, आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, ६ ची हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, एस म्हणजे साधं तांब्याच्या गाभ्याचं टोक. याच्यात आर विसरून चालत नाही, बिनरेझिस्टरचा लावला तर रेडिओ खरखर करतो आणि आजकालच्या गाडीचा कंप्युटर पण चक्रावू शकतो. आणि लांबीत चूक झाली तर सगळ्यात वाईट. आखूड लागला तर रिकाम्या आट्यांत कार्बन भरतो, मग पुढच्या वेळी बरोबरचा प्लग आत जाता जात नाही. लांब लागला तर पिस्टन येऊन त्याला टक्कर देऊ शकतो.

प्रश्न : सर, माझी डिझेल एसयूव्ही आहे, स्पार्क प्लग किती किलोमीटरला बदलावे? (विजय नगर)

नाहीयेतच. डिझेल दाबानं तापलेल्या हवेत आपोआप पेटतं. तुमच्या गाडीत असतो तो ग्लो प्लग, थंडीत स्टार्ट करताना आत गरमी द्यायला, तो ठिणगी टाकत नाही. कुणी डिझेलच्या बिलात स्पार्क प्लग लावला असेल तर तो मेकॅनिक बदला.

प्रश्न : काका मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, बाबांच्या गाडीचे प्लग मला स्वतः बदलायचेत, बाबा म्हणतात हात लावशील तर बघ. व्हिडिओ बघितलेत, सोपं वाटतं. काय सांभाळायचं ते सांगा. (भंवरकुआं)

सोपं आहेच. पण बाबा पण बरोबर आहेत, कारण एक चूक अशी आहे की जी झाली तर अर्ध्या तासाचं काम आठ दिवसांचं होतं. आणि ती मी स्वतः केलेली आहे.

वीसेक वर्षं झाली असतील. उज्जैनला लग्न होतं, गाडी मिसिंग मारत होती, घरचे तयार होऊन ओट्यावर उभे, आणि मी म्हटलं दहा मिनिटांत प्लग बदलतो. इंजिन नुकतंच बाजारातून आलेलं, कडक तापलेलं. हेड अॅल्युमिनियमचं, प्लग लोखंडी, तापलेल्या हेडमधून प्लग काढताना आटे सोलले जायची भीती जास्त. मी टॉमीला, म्हणजे पान्याच्या दांडीला, पाइप लावून जोर दिला, प्लग फिरला, मला वाटलं सुटला. बाहेर आला तर त्याच्या आट्यांत चांदीसारखी चकचकीत तार गुंडाळलेली. ती तार म्हणजे माझ्या हेडचे आटे. लग्नाला बसनं गेलो, आणि नंतर त्या भोकात हेलिकॉइल बसवून घेतलं, म्हणजे आटे परत पाडून आत स्टीलची स्प्रिंग घालतात ती. ते करणारा कारागीर मला बघून नुसता हसला होता, बोलला काहीच नाही.

तर पहिलं, इंजिन रात्रभर थंड झालेलं पाहिजे. रविवारी सकाळी कर. आजकालच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल असते, तिचा बोल्ट बहुतेक गाड्यांत १० नंबरचा, आणि तिला वायरचा सॉकेट असतो, ज्याची प्लास्टिकची कडी पाच-सात वर्षांत बिस्किटासारखी कुडकुडीत झालेली असते. वायर धरून ओढायचं नाही, कडी दाबून सॉकेट धरून काढायचा. कॉइल थोडी गोल फिरवत वर उचल, तिचा बूट, म्हणजे खालचं रबर, प्लगला चिकटलेला असतो.

कॉइल निघाली की लगेच पाना घालू नकोस. खोल विहिरीसारखं भोक दिसेल, त्याच्या तळाशी प्लग. त्या विहिरीत धूळ, वाळू, कधी झाडाचं पान पण असतं, प्लग काढलास की ते सगळं सिलिंडरमध्ये. आधी हवा मार, पंक्चरवाल्याच्या छोट्या पंपानं पण चालतं. मग प्लगचा सॉकेट, बहुतेक १६ चा, कित्येक नव्या गाड्यांत १४ चा, आतून रबर किंवा चुंबक असलेला घे म्हणजे प्लग वर येताना पडणार नाही. एका वेळी एकच प्लग काढ, आणि ओळीनं वर्तमानपत्रावर मांडून ठेव, १-२-३-४ लिहून. हे मांडून ठेवणं विसरू नकोस, का ते खालच्या उत्तरात आहे.

नवा प्लग लावताना रॅचेटला हात लावायचा नाही. मी तर पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा ठेवतो, त्यात प्लगचं डोकं खुपसायचं आणि पाइप बोटांत धरून फिरवायचं. आधी उलटं, घड्याळाच्या विरुद्ध, हळूच. बोटांना एक बारीकसा टक लागतो, आट्याचं तोंड सापडल्याचा. तिथून सुलटं फिरव. सरळ लागला असेल तर शेवटपर्यंत दोन बोटांनी जातो, वाकडा लागला तर पाइपच बोटांत घसरतो, जोर पोचतच नाही, हीच त्या पाइपची कमाल. अडला तर बाहेर काढ आणि परत सुरू कर, दहा वेळा करावं लागलं तरी दहा वेळा कर.

हातानं पूर्ण बसला की मग पाना. टॉर्क रेंच असेल तर १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला अॅल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ च्याला १५ ते २०. रेंच नसेल तर नव्या प्लगला हातानं बसल्यानंतर अर्धा ते फार तर पाऊण फेरा, वॉशर दबल्याचं मनगटाला कळतं. तोच प्लग काढून परत लावलास तर वॉशर आधीच दबलेला असतो, मग नुसता जरासा, घड्याळात पाच मिनिटं सरकतात तेवढा. आणि आट्यांना ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट फासायची नाही, नव्या प्लगच्या आट्यांना आधीच मुलामा असतो, वर घसरण लावलीस की तोच जोर जास्त बसतो आणि आटे ताणले जातात.

प्लग लावायच्या आधी गॅप फीलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, तपास, डब्यातून आलेला बरोबरच असेल असं समजू नकोस, पॅकिंग पडलं असेल तर वाकतो. इरिडियम असेल तर ते नाण्यासारखं गोल गॅप टूल मध्ये घुसवू नकोस, टोक तुटतं. आणि एकदाचा स्टार्ट झाला आणि गुळगुळीत चालला की बाबांना बोलव. आधी नाही.

प्रश्न : चार प्लग काढले. तीन बिस्किटाच्या रंगाचे, पण तिसऱ्या सिलिंडरचा काळाकुट्ट आणि ओला. मेकॅनिक म्हणतो चारही नवे टाका, झालं. पण हा एकच असा का? (देवासहून एक वाचक)

हाच तर प्रश्न विचारायचा असतो! चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फिका तपकिरी किंवा करडा म्हणजे तो सिलिंडर सुखात आहे. पांढराफटक, फोड आल्यासारखा म्हणजे तापतोय. कोरडी मखमली काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी, आणि ती चारही प्लगांवर असेल तर एअर फिल्टर, सेन्सर वगैरे सगळ्यांना लागू असलेलं काहीतरी. एकाच प्लगवर असेल तर त्या एका सिलिंडरचं काहीतरी.

तुमचा ओला कशानं आहे ते बोटावर घेऊन बघा. पेट्रोलचा वास येत असेल आणि उडून जात असेल तर ठिणगीच पडत नाहीये, कॉइल बघा. तिसरी कॉइल दुसऱ्यावर लावा, दुसरी तिसऱ्यावर. स्कॅनरवर आधी पी०३०३ (तिसरा सिलिंडर मिस होतोय) येत होता आणि आता पी०३०२ (दुसरा) यायला लागला तर कॉइलच चोर. चिकट असेल तर तेल. आता तेल कुठे आहे ते महत्त्वाचं. प्लगच्या वरच्या भागावर, विहिरीत तेल असेल तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलंय, स्वस्तातलं काम. खाली टोकावर तेल असेल तर ते आतून येतंय, व्हॉल्व्हचे सील किंवा पिस्टनच्या रिंगा, मग कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब तपासून घ्या. नुसते चार नवे टाकलेत तर तिसरा दोन महिन्यांत परत काळा होईल आणि तुम्ही परत चार नवे घ्याल.

प्रश्न : सीएनजीवर गाडी झटके देते, विशेषतः ओंकारेश्वरहून परत येताना भेरू घाटाच्या चढात. बटण दाबून पेट्रोलवर घेतली की मक्खन. गॅसवाला म्हणतो किट ट्यून करा. (राजेंद्र नगर)

किटला हात लावायच्या आधी प्लग काढा. सीएनजीचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, आणि चढावर अॅक्सिलरेटर दाबलेला असताना सिलिंडरमधला दाब वाढतो तेव्हा तर आणखीनच. म्हणजे झिजलेला, गॅप वाढलेला प्लग पेट्रोलवर कसंबसं निभावून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो. तुमचं वर्णन अगदी तेच आहे. कंपनी फिटेड सीएनजी असेल तर त्याच्या पुस्तकात प्लगचा नंबर आणि गॅप दिलेला असतो, तो पेट्रोल मॉडेलपेक्षा वेगळा असू शकतो, तोच पाळा. बाहेरून किट बसवलं असेल तर गॅप मूळ आकड्यापेक्षा जरा कमी ठेवतात. आणि बदलायची मुदत पेट्रोलवाल्यांपेक्षा आधीची धरा. प्लग, कॉइलचे बूट, एअर फिल्टर तिन्ही ठीक निघाले तर मग किट.

यातच एकानं विचारलंय की आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय तर प्लगचा नंबर बदलायचा का. नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे अॅव्हरेज थोडं पडतं, आणि ते प्लग बदलून भरून निघत नाही.

प्रश्न : स. न. वि. वि. माझे वय ७८. माझ्याकडे अजून चालती मारुती ८०० आहे. मी दर सहा महिन्यांनी प्लग काढून पॉलिश पेपरने घासून, रॉकेलने धुऊन परत लावत आलो. नातू म्हणतो आजोबा आता असे कुणी करत नाही. दुसरे, कपाटात मायकोचे दोन प्लग डबाबंद पडले आहेत, ९४ सालचे असावेत. ते वापरता येतील का? (रामबाग)

काका, साष्टांग नमस्कार. तुम्ही करत होता ते त्या काळी बरोबरच होतं, कार्बोरेटरची गाडी, चोक ओढायचा, पेट्रोलमध्ये शिसं, प्लगवर थर बसायचाच. शिशाचं पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं आणि तो थर पण गेला. पॉलिश पेपरची कच नाकाच्या खोबणीत अडकते आणि इंजिनमध्ये जाते, म्हणून आता घासू नका, मऊ ब्रशनं झटकलंत तरी पुरे. आणि नातवाच्या नव्या गाडीचा इरिडियम चुकूनही घासू नका, ते टोक एका घासण्यात जाईल. तुमच्या गाडीत तीन वायरी आहेत, एका वेळी एकच काढा, अदलाबदल झाली तर १-३-२ चा क्रम बिघडून गाडी फटाके फोडेल.

मायकोचा प्लग म्हणजे बंगळूरला बॉशचा माल बनायचा तो, आमच्या पिढीनं प्लगला मायकोच म्हटलं. प्लगला एक्सपायरी नसते. चिनी मातीला तडा नसेल, आटे गंजलेले नसतील, नंबर तुमच्या गाडीचाच असेल आणि गॅप बरोबर असेल तर चालेल. फक्त दोनच आहेत आणि गाडीला लागतात तीन, तेव्हा तिसरा कुठून आणणार? तिन्ही नवे एकाच जातीचे घ्या. ते दोन डब्यासकट तसेच ठेवा, पुढच्या रविवारी मी रामबागेत येतोय, बघायला येईन.